दोनशे ग्रॅम

जालन्याच्या मिशन दवाखान्यात
सोळा वर्षं मी लेकरं तोलते.
गुरुवारी लसीचा दिवस. अंबडहून, बदनापूरहून,
परतूरच्या गाडीनं बाया येतात,
कुंची घातलेली वीतभर पोरं छातीशी धरून.
पारड्यात मऊ फडकं, काटा शून्यावर,
आणि मी ओरडते, "दोनशे ग्रॅम वाढलं गं तुझं!"
बाई अशी हसते
जणू मी तिच्या नावावर जमीन केली.

त्याच खोलीत, दाराआड, मोठ्यांचा काटा आहे.
सगळे गेले की
चप्पल काढून, घड्याळ काढून, कधी बांगड्यासुद्धा,
श्वास सोडून मी त्यावर उभी राहते.
तिथं दोनशे ग्रॅम वाढले
तर दिवसभर कुणाशी नीट बोलत नाही.

यंदा उपवासकाळात चाळीस दिवस मी एकदाच जेवले.
मंडळीतल्या बाया म्हणाल्या, सुवार्ताबाईची भक्ती मोठी.
सलोमीमावशीनं प्रार्थनेत माझं नाव घेतलं.
प्रभू, तुला तर ठाऊक होतं.
मे महिन्यात नणंदेच्या पोरीचं लग्न,
आणि ब्लाऊजचं माप घेताना शिंपीणबाईनं
टेप दोनदा फिरवून "अं?" म्हटलेलं.
त्या "अं"साठी मी उपाशी राहिले
आणि पावती तुझ्या नावानं फाडली.

शारोन बारा वर्षांची.
परवा तिनं भाकरीची चतकोर केली,
मग चतकोराची चतकोर,
आणि उरलेली गुपचूप दुरडीत सरकवली.
"लेकरा, असं काय करायलीस? जेव ना."
"भूक नाही."
"सकाळपासून काही खाल्लं नाहीस."
तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या ताटाकडं.
"तूबी तर अशीच करतीस."

रविवारी पाळक काय बोलले ते अर्धं ऐकलंच नाही.
वर पत्रा तापलेला, पंखा करकरत होता,
पुढच्या बाकावरच्या पाठी मी नेहमीसारख्या मोजत होते,
ही माझ्यापेक्षा रुंद, ही नाही.
पण एवढं कानात अडकलं:
बारा वर्षांची मेलेली पोर.
त्यानं हात धरून तिला उठवलं.
रडणाऱ्यांचं रडं घशातच राहिलं,
आईबाप आ वासून उभे,
आणि तो, मरणाला नुकतंच दाराबाहेर घालवलेला,
त्यांना सांगतो काय,
तर हिला आधी काहीतरी खायला घाला.

ती पोर काळी होती की गोरी, लठ्ठ की काडी,
कुणीच लिहून ठेवलं नाही.
तिला भूक लागली असेल,
हे मात्र त्याच्या ध्यानात आलं.

घरी येऊन ज्वारीचं पीठ मळलं.
अंबाडीची भाजी, कण्या घालून,
वर करडीच्या तेलात लसूण.
साखरेच्या गोळ्या खाणाऱ्या आईची मी लेक,
तेल बेतानंच घेतलं. भाकरी मात्र मोजल्या नाहीत.
शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा.
आणि एरवी ओट्यापाशी उभ्यानं दोन घास टाकणारी मी
मांडी घालून बसले, ऐसपैस, जेवढी आहे तेवढी.
डोळे मिटले. म्हटलं, बापा,
दोन बाळंतपणं, एवढ्या रातपाळ्या,
कुठंच न कुरकुरता आलेलं हे शरीर,
मी त्याला कधी आभार
आणि पोट गुरगुरलं, आमेनच्या आधीच.
शारोन फिस्सकन हसली.

तिनं अर्धी भाकरी खाल्ली. अर्धीच.
मी दुसरी घेतली तशी बघत राहिली.
"आई, एवढी भूक लागली होती तुला?"
"लई."
"कधीपासून?"
मी भाजी वाढून घेतली.
"तुझ्याएवढी होते तवापासून."